दहापर्यंत

भाषाविज्ञानाच्या तासाला मी हसलो, ही गोष्ट खरी आहे. सर शब्दयोगी अव्ययांविषयी बोलत होते. त्यांनी फळ्यावर 'पर्यंत' हा शब्द लिहिला आणि विचारलं, "दहा तारखेपर्यंत अर्ज द्या, असं म्हटलं तर दहा तारीख त्यात आली की नाही?" सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "आली!" आणि मला हसू फुटलं. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी मुकाट्यानं मान खाली घातली. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते कारण नव्हतं. वार्षिकांकाच्या निमित्तानं तो राहून गेलेला खुलासा आज करतो.

मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन एम. ए. मराठीच्या वर्गात आलो, हे आता सर्वांना ठाऊक झालं आहे. "इंजिनिअर असून मराठीकडे कसा?" हा प्रश्न कॅन्टीनपासून ग्रंथालयापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. त्याचंही थोडंफार उत्तर यात सापडेल.

पहिल्या वर्षाला आम्हांला 'सी' ही संगणकाची भाषा होती. डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा. मी ती कशी शिकलो? वरच्या वर्गातल्या एका मुलाची फाइल आणली आणि महिरपी कंस, अर्धविराम यांच्यासह माझ्या फाइलीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्याच फाइलीतल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि शांतपणे विचारलं, "ही ओळ इथं का आहे?" मी गप्प. "बरं, काढून टाकली तर काय होईल?" मी पुन्हा गप्प. त्यांनी फाइल मिटली, पास होण्यापुरते गुण दिले आणि म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे हं तुमचं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. इकडे गावी अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "आमचं पोरगं काम्पुटर शिकतंय." आमचं गाव सांगोल्याकडचं. पाऊस बेताचा, त्यामुळे घर चालायचं ते गोठ्यातल्या दोन गाईंवर. माझी फी त्याच गाईंच्या दुधातून निघत होती. मेसच्या ताटावर बसलो की ते वाक्य आठवायचं, 'अक्षर मात्र सुंदर आहे.'

२०१९च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, एक भाषा स्वतःची स्वतः शिकायची. परीक्षा नाही, गुण नाहीत, फाइल तर नाहीच नाही. निवडली 'पायथॉन'. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत तिचं काम सुरू केलं आणि १९९१मध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. नाव ऐकून वाटतं तसा अजगराशी तिचा संबंध नाही. 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून तिचं बारसं झालं. नाताळच्या सुट्टीत एक माणूस नवी भाषा करायला घेतो, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ती शिकता येऊ नये? असा माझा भाबडा हिशेब!

होस्टेलवर असतानाच त्या भाषेचं फुकट मिळणारं अधिकृत पाठ्यपुस्तक उतरवून घेतलं होतं. जुना लॅपटॉप एका मित्राकडून स्वस्तात घेतलेला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. वीज गेली की अभ्यास गेला. मग कंदिलाजवळ वही घेऊन बसायचं आणि प्रोग्रॅमच्या एकेका ओळीपुढे, 'आता यंत्राच्या मनात काय असेल' ते पेन्सिलीनं लिहायचं. दिवे आले की पडताळून पाहायचं. पुढे कळलं की जाणकारही याच रीतीनं चुका शोधतात. मला ती महावितरणनं शिकवली!

पहिले पंधरा दिवस फजितीचे गेले. 'सी'मध्ये महिरपी कंस घातले की ओळ पानावर कुठंही लिहा, चालतं. पायथॉनला कंसांऐवजी समास लागतो. कुठली ओळ कुणाच्या पोटातली, हे ती ओळ किती आत सरकवली आहे यावरून ठरतं. एक जागा कमी पडली तरी काम बंद! एकदा दोन आकडे विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. ५ आणि ७ दिले, तर उत्तर आलं ५७. आई शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एवढं तर मलाबी येतंय की रं, बारा हुत्यात." यंत्राची चूक नव्हती. विचारून घेतलेली प्रत्येक गोष्ट ते अक्षर समजतं. हे आकडे आहेत, असं आपण सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं दोन अक्षरं शेजारी-शेजारी ठेवली.

पण या फजितीतही सुख होतं. यंत्र माझ्यावर हसत नव्हतं. चुकलेल्या ओळीचा आकडा दाखवून, काय बिनसलं ते एका वाक्यात सांगायचं आणि वाट पाहत बसायचं. दहा वेळा चुकलो तरी अकराव्या वेळी तितक्याच थंडपणे सांगायचं. हळूहळू मला त्या लाल अक्षरांची भीती वाटेनाशी झाली.

महिन्याभरानं धीर चेपला. म्हटलं, घरच्या उपयोगाचं काही करावं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. अण्णांच्या वहीत सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि दर लिहिलेले होते. मी ते सगळे तारीखवार भरले आणि यंत्राला सांगितलं की १ ते १० तारखांची बेरीज कर. एकही लाल अक्षर न उमटता उत्तर आलं. संकलन केंद्रावरून मिळालेली रक्कम त्याहून २४६ रुपयांनी जास्त होती.

मी ओट्यावरूनच ओरडलो, "अण्णा, केंद्रानं २४६ रुपये जास्त दिलेत!"

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली. "जास्ती आल्यात व्हय? मग परत द्यायला पायजेत. चल."

त्या वेळी मी थोडा थांबलो असतो तर! पण छाती फुगली होती. संध्याकाळची वेळ, केंद्रावर किटल्या घेऊन दहा-पंधरा माणसं उभी. अण्णांनी सगळ्यांसमोर पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पोरानं काम्पुटरवर हिशेब केलाय. तुमचं चुकलंय."

सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं आणि एकेक तारीख वाचायला घेतली. अण्णा बोटांच्या पेरांवर मोजत होते. मी मनातल्या मनात माझ्या आकड्यांशी ताडून पाहत होतो. नऊ तारखेपर्यंत पैन् पै जुळली. मग ते म्हणाले, "दहा तारीख. सकाळचे १२८, सांजचे ११८."

१२८ आणि ११८. दोनशे सेहेचाळीस.

माझ्या पोटात खड्डा पडला. पायथॉनमध्ये '१ ते १०' असं सांगितलं की ती १ धरते, पण १० धरत नाही. तिची मोजणी मुळात शून्यापासून सुरू होते. शून्यापासून निघून दहाच्या अलीकडे थांबलं की बरोबर दहा आकडे होतात. पाठ्यपुस्तकात हे स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. पण मराठी कानाला 'दहापर्यंत' म्हणजे दहा आलेच! ध चा मा व्हावा तसा एका तारखेचा फरक पडला होता, आणि यंत्रानं हूं की चूं केलं नव्हतं. समास चुकला तर ते ओरडतं. दहावा दिवस राहिला तर गप्प बसतं. त्याला दूध माहीत नाही, गाय माहीत नाही, अण्णा माहीत नाहीत.

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. पैसे उचलून त्यांनी अण्णांच्या हातात दिले. मागून कुणीतरी म्हणालं, "इंजिनेर!" आणि सगळे हसले.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कुणी बोललं नाही. ओढ्याजवळ आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, माझी चूक झाली."

"ती झालीच. पर कुठं झाली ते ठावं हाय का तुला?"

मी काटकी घेतली, मातीत १ ते १० आकडे काढले आणि यंत्र कुठून निघतं, कुठं थांबतं, का थांबतं, ते सांगितलं. अण्णा वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी कुपापतोर जायचं, पर कुपाला शिवायचं न्हाई. आसंच ना?"

"असंच."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. 'ही ओळ इथं का आहे?' या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं होतं. वर्षभर उशिरा आणि भलत्याच परीक्षकासमोर! पण ओळ माझी होती, चूकही माझी होती आणि उत्तरही माझंच होतं. त्या रात्री मी एक आकडा बदलला. दहाच्या जागी अकरा. बेरीज जुळली.

स्वतः शिकण्याचा मला तोपर्यंत मोठा अभिमान वाटत होता. गुरू नको, वर्ग नको, मी नि माझं यंत्र! पण पहिली शंका आई घेऊन आली आणि शेवटची चूक सेक्रेटरींच्या रजिस्टरात सापडली. आज तर काय हवं ते सांगितलं की यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं. देऊ दे. दहावा दिवस मोजला की नाही, हे पाहायला गाईची धार काढणाऱ्या घरातलं कुणीतरी लागणारच.

आणि त्या ओढ्याकाठीच मराठीचं वेडही लागलं असावं. 'पर्यंत' हा शब्द मी लहानपणापासून वापरत होतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. ते पाहायची गरज एका परक्या, निर्जीव भाषेनं दाखवून दिली. पदवी पुरी केली आणि इकडे आलो.

तर सर, त्या दिवशी मी का हसलो ते हे असं. आपल्या प्रश्नाचं उत्तर वर्गानं दिलं तेच बरोबर आहे. दहा तारीख त्यात येते. फक्त एकदा आमच्या घरी ती आली नव्हती.