समासातली नोंद

परवा माझ्या चुलत भाच्याचा फोन आला. दुकानाचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर चढवून झाला म्हणाला. "मावशी, आता त्या जुन्या वह्या रद्दीत देऊ ना? कपाट अडलंय नुसतं."

मी पटकन "नको" म्हटलं. का नको, ते मात्र फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की भिवंडीत माझ्या धाकट्या भावाचा लूमचा कारखाना होता. चोवीस माग. आता पुतण्या बघतो. शाळा सुटल्यावर संध्याकाळी मी तिथे जाऊन रोजमेळ आणि खतावणी लिहीत असे. पगार नाही, चहा मिळायचा. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे.

ज्यांनी लूमचा हिशेब पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं काम मजुरीवर. व्यापारी सूत पाठवणार ते किलोवर, आणि आम्ही कापड परत देणार ते मीटरवर. मधे घट. कारागिराचा पगार मीटरवर, तोही पंधरा दिवसांनी, आणि त्यातून उचल वळती करायची. म्हणजे एका ताक्याच्या मागे तीन-चार वह्यांत नोंदी. चुकायला भरपूर जागा!

कॉम्प्युटर घ्यावा असं भावाला पहिल्यांदा वाटलं ते २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. कारखान्यात पाणी शिरलं. वह्या आम्ही आठवडाभर दोरीवर वाळत घातल्या होत्या, कपड्यांसारख्या. शाईपेनाने लिहिलेलं सगळं फिसकटलं, बॉलपेनचं वाचलं. मी आयुष्यभर मुलांना शाईपेनाचा आग्रह केला, त्याची अशी शिक्षा मिळाली. पण वाटणं वेगळं आणि होणं वेगळं. वह्या चालूच राहिल्या.

मग २०१७ च्या जानेवारीत भाऊ गेला. पुतण्या नोकरी सोडून कारखान्यात आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला. बिलं, जॉबवर्कची चलनं, दर महिन्याची विवरणपत्रं. पुढे १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर पन्नास हजारांवरचा माल धाडायचा तर ई-वे बिल. वह्यांवर हे निभणं अशक्यच होतं. पुतण्याने कॉम्प्युटर आणला, हिशेबाचं सॉफ्टवेअर घातलं आणि म्हणाला, "आत्या, जुन्या बाक्या तूच चढव. बाबांचं अक्षर तुलाच लागतं."

तीन दिवस बसले. खात्याचं नाव, रक्कम, नावे की जमा. पुढचं खातं. बेरीज जुळली तेव्हा इतका आनंद झाला की काही विचारू नका. साठी उलटल्यावर नवीन विद्या आली म्हणून मैत्रिणींना पेढे दिले!

पुढच्या वर्षी, २०१८ च्या दिवाळीच्या आसपास, एका सुताच्या व्यापाऱ्याशी काही किलोंवरून वाद झाला, म्हणून मी जुनी खतावणी काढली. पानं उलटताना एका कारागिराचं खातं समोर आलं. उत्तर प्रदेशातला माणूस, आमच्याकडे बरीच वर्षं. २०१४ साली मुलीच्या आजारपणासाठी १८,००० रुपये उचल, त्यातले ६,४०० फिटले, बाकी ११,६००. आणि डावीकडच्या समासात भावाच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने:

"मुलगी गेली. मागू नये."

खाली तारीख, २०१५ मधली.

मला घाम फुटला. कारण ११,६०० मी चढवले होते. समास चढवला नव्हता.

शिक्षक मंडळींना लगेच कळेल. पेपर तपासताना समासातल्या कच्च्या कामाकडे आपण बघत नाही, त्याला गुण नसतात. तीस-बत्तीस वर्षांची ती सवय. डोळे त्याच्यावरून सरळ पुढे गेले.

पुतण्याला विचारलं. तो माणूस मधे गावी गेला होता आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये परत कामाला आला होता. कॉम्प्युटरवर बाकी दिसत होती, म्हणून प्रत्येक पगारातून ५०० वळते होत होते. चौदा पगार झाले होते. सात हजार रुपये.

मी तशीच कारखान्यात गेले. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून त्याला दाराबाहेर बोलावलं. म्हटलं, अहो, तुम्ही बोलला का नाहीत? सेठनी माफ केलं होतं हे तुम्हाला माहीत होतं ना? तो खाली बघत म्हणाला, "पर्ची में छपा था, मैडमजी. हम समझे, सेठ गए तो उनकी बात भी गई."

यावर काय बोलणार? माझ्या भावाचा शब्द मीच पुसला होता, आणि तेही बेरीज जुळवून, पेढे वाटून.

पुतण्याने त्याच संध्याकाळी सात हजार परत केले. मग मला शेजारी बसवून जमाखर्चाची एक नोंद घातली, ११,६०० ची बाकी मिटवली आणि खाली नॅरेशनमध्ये कारण लिहिलं. ती नॅरेशनची जागा तिथे पहिल्यापासून होती! मला कुणी अडवलं नव्हतं. म्हणून "यंत्राला माणुसकी नसते" वगैरे मी म्हणणार नाही. वहीत काही न विचारता समासात लिहिता येतं. कॉम्प्युटरवर त्याच गोष्टीला जागा ठरवून द्यावी लागते, आणि ती ठरवणारा माणूस झोपला असेल तर नोंद हरवते. इथे मी झोपले होते.

नंतर आम्ही सगळ्या वह्या पुन्हा काढल्या, या वेळी फक्त समास वाचायला. नऊ नोंदी निघाल्या. "याचे ताके मोजून घेणे" अशीही एक होती, ती पुतण्याला फार आवडली. पानांचे मोबाइलवर फोटो काढून खात्यांच्या क्रमाने ठेवले. एक प्रत कारखान्यात, एक माझ्या घरी दुसऱ्या मजल्यावर. पूर विसरलेलो नाही.

आणखी एक केलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव किंवा जन्मतारीख बदलायला परवानगी लागते, गुपचूप खोडता येत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय असते. कुणी, कधी, काय बदललं ते राहतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तसंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. पुतण्याचा धंदा एकट्याच्या मालकीचा, त्याला सक्ती नाही. तरी ती सोय त्याने चालू ठेवली आहे. शिवाय दर एप्रिलला प्रत्येक कारागिराला त्याची बाकी वाचून दाखवतो आणि "बरोबर आहे का?" असं विचारतो. विचारल्याशिवाय कुणी छापलेल्याविरुद्ध बोलत नाही, हे आम्ही सात हजारांत शिकलो.

तर भाच्या, जीएसटीच्या कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. ते सरकारसाठी झालं. वह्या रद्दीत द्यायच्या तर दे बापडा, कपाट तुझं आहे. पण त्याआधी एक रविवार काढ, तुझ्या वडिलांना शेजारी बसव आणि प्रत्येक पानाचा समास त्यांच्याकडून वाचून घे. ते आहेत तोवर हे काम सोपं आहे.

चहाला मी येईन.