मोरचुदी रंगाचा पाहुणा

आमच्या घरात पक्ष्यांचं वेड कुणालाच नाही. कावळा, चिमणी, कबुतर आणि दसऱ्याला म्हणून माहीत असलेला नीळकंठ, एवढ्यावर आमचं ज्ञान संपायचं. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात म्हणून भिशीतल्या सगळ्याजणी ऐरोलीहून बोटीत बसून पाहून आल्या, तेव्हाही मी गेले नव्हते. घरी सासूबाई खाटेला खिळलेल्या. बोटीत बसायला सवड कुणाला?

२०२२ च्या ऑक्टोबरात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, ऑपरेशन झालं, पण नंतरचे सहा-सात दिवस त्यांना कशाचंच भान नव्हतं. दवाखान्यातल्या पडद्यामागे त्यांना त्यांची गेलेली बहीण दिसायची. "तिला चहा दे गं," असं मला सांगायच्या. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असं पुष्कळदा होतं, हळूहळू निवळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि निवळलंही. घरी आल्यावर पंधरा दिवसांत त्या मला भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगायला लागल्या, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला साखर ठेवली.

त्यांची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी लावली होती. आमची इमारत पोखरण रोडच्या बाजूला, मागे येऊरचा डोंगर. कुंपणाला लागून एक जुनी काटेसावर आहे. डिसेंबरात तिची पानं झडतात आणि नुसता सांगाडा उभा राहतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या वरच्या फांदीवर निळा पक्षी येतो."

सकाळची आठची वेळ. ह्यांचा डबा, मुलीची घाई, नळाचं पाणी जायची वेळ. मी म्हटलं, "हो का आई? छान," आणि पोळी उलटली. दुसऱ्या दिवशी परत तेच. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "खंड्या असेल." सासूबाई चिडल्या. "खंड्या मला कळत नाही होय? चोच केवढी असते त्याची! हा चिमणीएवढा आहे. सगळाच्या सगळा मोरचुदी रंगाचा."

मोरचूद म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंचं माहेर निफाडकडचं, द्राक्षाच्या बागांतलं. वेलींवर केवडा पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून फवारायचे; वडिलांचे सगळे सदरे निळे झालेले असायचे, ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलेली. आता आई पुन्हा माहेरी गेल्या, पुन्हा सुरू झालं, असंच आम्हाला वाटलं. मी चार सकाळी खिडकीशी जाऊन बघितलंसुद्धा, नाही असं नाही. पण उभं राहून बघितलं की वरच्या मजल्याचा पत्र्याचा छज्जा आड येतो आणि खालचीच फांदी दिसते. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. फांदी रिकामी दिसली, मी वळले.

पुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आता काही भास वगैरे?" आणि मी सांगून टाकलं, "हो. रोज एक निळा पक्षी दिसतो म्हणतात." सासूबाई शेजारीच चाकांच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून रात्रीची अर्धी गोळी लिहून दिली. त्यांचा काय दोष? मी सांगितलं तेच त्यांनी ऐकलं.

गोळी सुरू झाली आणि सासूबाई सकाळी दहा-दहापर्यंत गुंगीत राहू लागल्या. चहाचा कप हातात थरथरायचा. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या होत्या, ते थांबलं. पक्ष्याचं नाव मात्र काढेनात. मला वाटलं, बरं झालं, गोळी लागू पडली.

जानेवारीतला रविवार होता. सासूबाई झोपलेल्या आणि मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी पाटावर बसून मटार सोलत होते. शेंग सोलता सोलता सहज मान वर केली. छज्ज्याच्या खालून, गजांच्या मधून, काटेसावरीचा अगदी वरचा वाळका शेंडा दिसत होता. त्यावर तो बसला होता.

मोरचुदी! दुसरा शब्द नाही त्या रंगाला. निळा म्हणावं तर हिरव्याकडे झुकणारा, उन्हात चकाकणारा, डोळ्यापुढे तेवढा एक काळा ठिपका. बघता बघता हवेत उडाला, काहीतरी टिपलं आणि परत त्याच शेंड्यावर येऊन बसला. पुन्हा उडाला, पुन्हा तिथेच. माझ्या मांडीवरची मटारची परात कधी कलंडली मला कळलं नाही. मागे सासूबाई तोंड उघडं टाकून झोपलेल्या, आणि मी त्यांना हलवत होते, "आई, उठा हो, आला बघा तुमचा पक्षी." त्या काही जाग्या झाल्या नाहीत. गोळीच तशी होती.

खालच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कॅमेऱ्याचा नाद आहे. त्याला हाक मारली. त्याला पाटावर बसवून वर बघायला लावलं, तेव्हा तो ओरडलाच. "काकू, व्हर्डिटर फ्लायकॅचर! नर आहे!" व्हर्डिटर हे म्हणे तांब्यापासून केलेल्या निळसर हिरव्या रंगाचं नाव. आता बघा, मोरचूद तरी दुसरं काय, तांब्याचंच. इंग्रजांनी ज्या रंगावरून नाव ठेवलं त्याच जातीचं नाव सासूबाईंनी खाटेवर पडल्या पडल्या ठेवलं होतं, आणि आम्ही त्याला भास म्हणत होतो.

त्या मुलाने सलीम अलींचं पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. मूळ पुस्तक १९४१ सालचं, हे अलीकडचं काढलेलं. त्यात आणि त्याच्या तोंडून मला जे कळलं ते असं. हा पक्षी हिमालयाच्या उतारांवर घर करतो, दरडीच्या भोकात, पुलाखाली, कधी घराच्या वळचणीलासुद्धा. तिकडे थंडी पडली की किडे-माश्या नाहीशा होतात, म्हणून तो खाली दक्षिणेकडे उतरतो. थंडीला भिऊन नव्हे, पोटासाठी. असे बरेचसे चिमुकले पक्षी रात्रीचा प्रवास करतात. येऊरच्या जंगलात हिवाळ्यात हा दिसतो, पण इमारतींच्या गर्दीत येऊन बसणं विरळा. आमची काटेसावर डोंगराच्या अंगाला आहे, आणि उंच बोडकी फांदी त्याला शिकारीला सोयीची, म्हणून आमचं भाग्य.

एक मूर्खपणाही सांगते. पाहुणा आलाय म्हणून मी खिडकीत बाजरी टाकली. तो किडे खाणारा, त्याने ढुंकून पाहिलं नाही. कबुतरांची मात्र चंगळ झाली आणि खालच्या वहिनींची वाळत टाकलेली चादर खराब झाली. काही ठेवायचंच तर पसरट, उथळ भांड्यात पाणी ठेवावं आणि ते रोज बदलावं. दाण्याच्या फंदात पडू नये.

सोमवारीच मी डॉक्टरांकडे गेले. त्या मुलाने काढलेला फोटो बरोबर नेला. "भास नव्हता. मीच नीट बघितलं नव्हतं," असं सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि गोळी बंद करायला सांगितली. आठ-दहा दिवसांत सासूबाईंच्या डोळ्यांत जाग आली. त्यांची क्षमा मागायची म्हणून मी दोनदा जवळ जाऊन बसले आणि दोन्ही वेळा तिसरंच काहीतरी बोलून उठले. सुनेला सासूची क्षमा मागायला कुणी शिकवलेलं नसतं. शेवटी एवढंच म्हटलं, "आई, तुमचा पक्षी खरा होता."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुला कुठे ठाऊक होतं?"

त्या मुलाने ती नोंद इ-बर्ड नावाच्या ठिकाणी केली. जगभरातले लोक तिथे पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी करतात, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही आलं की जाणकार मंडळी उलट विचारतात: कुठे दिसला, किती वाजता, रंग कसा, फोटो आहे का? हे तो सासूबाईंना समजावून सांगत होता. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरे आहेत रे ते लोक. निदान विचारतात तरी." मी आत जाऊन उगाच कुकरचं झाकण धुतलं.

फेब्रुवारीत काटेसावर फुलली. भोरड्यांचे थवे, साळुंक्या, शिंजीर, नुसती जत्रा! सासूबाई उशीला टेकून बसायच्या आणि मला स्वयंपाकघरात हाका मारून वर्णन सांगायच्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर मोरचुदी दिसला नाही. एप्रिलमध्ये कापूस उडाला आणि सोसायटीच्या सभेत दरवर्षीप्रमाणे झाड छाटायचा विषय निघाला. एरवी मी सभेत भजी खाऊन परत येते. त्या दिवशी उभी राहिले आणि म्हटलं, शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. आणि परवानगी मागणार असाल तर आमच्या घरची हरकत लिहून घ्या. हे माझ्याकडे बघतच राहिले. झाड अजून आहे.

२०२३ च्या डिसेंबरात सासूबाई वॉकरवर घरभर फिरत होत्या, पण मोतीबिंदू वाढला होता. त्यांना आता वरचा शेंडा दिसत नव्हता. एका सकाळी मी पाटावर बसून वर पाहिलं आणि तो होता. गेल्या वर्षीचाच की दुसरा, कोण जाणे. पायात कडं घातलेलं असतं तर सांगता आलं असतं.

"आई, आला!"

त्यांनी मान वळवली, डोळे बारीक केले. काही दिसलं नाही हे मला कळलं.

"कशावरून?" त्या म्हणाल्या. "रंग कसा आहे सांग."

"मोरचुदी."

"डोळ्यापुढे काळं आहे?"

"आहे."

"उडून परत त्याच फांदीवर बसला का?"

मी पाहत राहिले. तो उडाला, हवेतच गिरकी घेतली.

"थांबा हं," मी म्हटलं.