पोढीचे पाणी : सायकलवरून जुन्नरच्या डोंगरांत

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की भिक्खू चारिकेला निघत. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे आणि वाटा मोकळ्या झाल्या की चालू लागायचे, हा जुना शिरस्ता. तो ऋतू आम्हालाही मानवतो. पाऊस उघडलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, डोंगरउतारावर सोनकी पिवळी झालेली असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण सायकली घेऊन पुण्याहून जुन्नरला निघालो. दोन मास्तर, एक एस.टी.तले, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या ताई आणि त्यांची अकरावीतली मुलगी.

तीन सायकली गिअरच्या, दोन साध्या काळ्या. कॅरिअरला दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या बांधल्या. जड सामान खाली, हलके वर. नाहीतर चढावर पुढचे चाक हलके होऊन सायकल लडबडते. दोन लहान तंबू, ताडपत्री, पंक्चरचे सामान, दोन जादा ट्यूब, ब्रेकचे रबर, हातपंप, बॅटरी. खाण्याला तांदूळ, डाळ, सुकट आणि लसणाची चटणी. खर्च फारसा नाही. लागते ती मांड्यांची तयारी, आणि ती महिनाभर रोज तासभर सायकल चालवली की होते.

पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. एका दिवसात करायचा अट्टाहास नको म्हणून खेड, मंचर मागे टाकून संध्याकाळी आम्ही मोठा रस्ता सोडला. हा मुलूख बिबट्यांचा. ऊस वाढला तसे बिबटे उसातच बिऱ्हाड करू लागले. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. उसाच्या कडेला किंवा ओढ्याकाठी तंबू टाकायचा नाही, अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचे नाही, हा आमचा पहिला नियम. उघड्यावर झोपायचे ते वस्तीच्या आसऱ्याने आणि विचारूनच.

एका गावात शाळेच्या पटांगणात मुक्कामाची परवानगी मागितली. ओट्यावरच्या आजोबांनी आधी विचारले, “पाव्हणं कुठलं?” मग विचारले, “आडनाव?” थोरल्या मास्तरांनी आडनाव सांगितले, मूळ गावही सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. परवानगी मिळाली. पाणीही मिळाले. पण पाणी आणणाऱ्या बाईंनी कळशी खाली ठेवली नाही. आम्ही बाटल्या खाली धरायच्या आणि त्यांनी वरून धार सोडायची. मुलगी म्हणाली, “काकू, द्या ना इकडे, मी ओतून घेते.” बाई काही बोलल्या नाहीत. धार तेवढी आणखी उंच झाली.

रात्री तंबूत तिने विचारले, “आई, त्यांनी कळशी का नाही दिली?”

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मार्च १९२७ मध्ये महाडला काय झालं?”

“चवदार तळं. शाळेत होतं.”

“शाळेत होतं तेच आज पाहिलंस.”

तिने पुढे विचारले नाही. आम्हालाही लवकर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नारायणगावहून वळून जुन्नर गाठले. जुन्नरच्या भोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री अशा डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामे आहेत. लेण्याद्रीचे सातव्या क्रमांकाचे लेणे, जिथे आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे, तेही मुळात विहारच. शेजारी सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह. आम्ही सायकली एका ओळखीच्या दुकानी ठेवल्या आणि मानमोडीची वाट धरली. इथे आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांना मनाई समजावी.

लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान दिल्याचा लेख याच डोंगरात आहे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दोन पोढ्या दिल्या. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्याचाही लेख आहे. मास्तर एकेक सांगत होते आणि मुलगी टाक्याच्या काठावर बसून ऐकत होती.

“म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांवर एवढा विश्वास होता?”

“होता. पैसा त्यांच्याकडे ठेवत होते.”

“आणि पाणी कोण पीत होतं?”

“दान संघाला होतं. संघात गेल्यावर जात उरत नव्हती. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावं उरत नाहीत, असं बुद्धांनीच सांगितलंय.”

ती टाक्यात वाकून पाहत राहिली. पाणी हिरवे झाले होते. त्यात कुणीतरी टाकलेली प्लास्टिकची बाटली तरंगत होती. तिने काठीने ती ओढून काढली आणि आपल्या पिशवीत टाकली.

दुपारी आपटाळे मार्गे चावंडकडे निघालो. इथून रस्ता चढू लागतो. भाताची सोंगणी चालू होती, खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. संध्याकाळी महादेव कोळ्यांच्या एका वस्तीवर थांबलो. एका आजींनी आपल्या अंगणालगत जागा दाखवली. आडनाव विचारले नाही, “जेवलात का?” विचारले. मग भरलेला हंडा आणून आमच्यापुढे ठेवला, वर तांब्या पालथा.

“घ्या बाई, लागंल तेवढं.”

मुलीने तांब्या बुडवला, पोटभर प्याली, आणि होता तसा हंड्यावर पालथा घातला. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. त्या रात्री दव एवढे पडले की तंबू निथळत होते, पण झोप गाढ लागली.

तिसऱ्या दिवशी घाटघरवरून नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढत असे. खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो वैदिक यज्ञांतल्या दक्षिणांचा आहे, आणि त्यातले आकडे भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी मानतात. वर एक दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. खिंडीच्या तोंडाशी वारा असा येतो की सायकल आडवी करून ठेवावी लागते. समोर कोकण, खाली धुके.

वाचक बंधू-भगिनींना एवढेच सांगायचे. लेणी संरक्षित आहेत. तिथे मुक्काम, चूल, नावे कोरणे नको. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, थांबून थांबून दाबावेत. पाणी प्रत्येकी किमान दोन बाटल्या. मुलामुलींना बरोबर न्यावे, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तर टाळू नये. घरात सायकल गंजत असेल तर तिच्या साखळीला तेल घाला. पुढचा आश्विन काही फार लांब नाही.