पाण्याचा जिना आणि पायी चालणारी पोरं

मुलांनो, कालवा म्हटलं की आपल्याला आठवतं ते धरणातून शेताकडे वाहत जाणारं पाणी. पण दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक कालवा खणला, तो शेतीसाठी नव्हे, तर चक्क होड्यांसाठी! त्याचं नाव ईरी कालवा.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला ईरी नावाचं अफाट सरोवर आहे. पूर्वेकडे हडसन नदी. ती न्यूयॉर्क बंदरापाशी समुद्राला मिळते. सरोवराकाठचा माल खराब रस्त्यांवरून गाडीने बंदराला न्यायचा, तर एका टनाला सुमारे १०० डॉलर भाडं पडे. गव्हर्नर डेविट क्लिंटन यांनी सरोवर आणि नदी कालव्याने जोडायचं ठरवलं. लोकांनी थट्टा केली, 'क्लिंटनचा चर' असं नाव ठेवलं! पण १८१७ मध्ये सुरू झालेलं काम १८२५ मध्ये पुरं झालं. लांबी ५८४ किलोमीटर, रुंदी ४० फूट आणि खोली अवघी ४ फूट.

सरोवर नदीपेक्षा सुमारे १७० मीटर उंचावर. मग होडी चढणार कशी? त्यासाठी ८३ 'लॉक' बांधले. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की होडी आपोआप वर! मग पुढचं दार उघडायचं. लॉकपोर्ट गावात तर असे पाच हौद एकापुढे एक होते. पाण्याचा जिनाच म्हणा ना!

भाडं १०० डॉलरवरून सुमारे १० डॉलरवर आलं. न्यूयॉर्कची भरभराट झाली.

पण या होड्या ओढायचं कोण? काठाच्या पायवाटेने खेचरं किंवा घोडे चालत आणि लांब दोराने होडी ओढत. त्यांना हाकायला असत तुमच्यासारखीच मुलं! त्यातली कित्येक अनाथ. सहा तास चालायचं, सहा तास विश्रांती, की पुन्हा सहा तास. होडीतले प्रवासी झोपलेले असत, तेव्हाही हा पोरगा अंधारात, पावसात चालतच असे. काहींना तर हंगाम संपल्यावर ठरलेले पैसेही मिळत नसत.

असंच काम १८४८ मध्ये सोळा वर्षांच्या जेम्स गारफिल्डने ओहायो राज्यातल्या कालव्यावर धरलं. तो कितीदा तरी पाण्यात पडला. शेवटी तापाने आजारी होऊन घरी आला. आईने समजावलं, शाळेत जा. तो शिकला, शिक्षक झाला आणि १८८१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला! पण सगळ्याच मुलांना अशी परत शाळेची वाट कुठली सापडायला?

आज ईरी कालव्यात सहलीच्या होड्या फिरतात, काठाने लोक सायकली चालवतात. नकाशात ईरी सरोवराकाठचं बफेलो शहर शोधा आणि तिथून हडसनकाठच्या ऑल्बनीपर्यंत बोट फिरवा. ही सगळी वाट त्या पोरांनी पायी तुडवली आहे, बरं का!