सादड्याच्या ढोलीतला पिंगळा



खताची मात्रा, बियाण्याची निवड, पाण्याच्या पाळ्या, हेच मी आजवर आपल्याला सांगत आलो. आज मात्र माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे. त्याआधी हे ओझं उतरवलेलं बरं.

१९९५ सालची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नेमणूक शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. एका पावरा म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानात मी गेलो. बांधावर एक जुना, अर्धा वाळलेला सादडा उभा होता. त्याच्या सावलीत ज्वारीच्या चार ओळी खुरटल्या होत्या. मी वही उघडली आणि सांगून टाकलं, "बाबा, रीतसर परवानगी काढा आणि हे झाड पाडा. नुसती जागा अडवतंय."

म्हातारबाबा म्हणाले, "साहेब, त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो. रातचा नाही, दिवसाचा. सकाळी उन्हात शेंड्यावर बसतो. सरडे धरतो, उंदीर धरतो."

मी हसलो. "बाबा, पिंगळा तो पिंगळाच. दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा असं काही नसतं." पक्ष्यांबद्दल माझं शिक्षण एवढंच, की कोणता पक्षी कणीस खातो आणि कोणता अळी खातो. तरी पदवी माझ्याकडे होती, म्हणून शेवटचा शब्द माझा झाला.

दोन वर्षांनी, म्हणजे १९९७ च्या अखेरीस, बातमी आली. शहाद्याजवळच्या जंगलात २५ नोव्हेंबर रोजी सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला होता. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकन अभ्यासक त्याच्या शोधात आले होते. त्याआधीची पक्की नोंद १८८४ सालची. एकशे तेरा वर्षं हा पक्षी कोणा जाणकाराला दिसला नव्हता. तो कायमचा नाहीसा झाला, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात ब्लेविट नावाच्या गृहस्थांना हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. नंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून काही पक्षी मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून याची पेंढा भरलेली कातडी अवघी सात!

त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती: तापीकाठचं मांडवी, गुजरात, १९१४. ही चिठ्ठी लावणारे कर्नल माइनर्ट्झहागन मोठे नावाजलेले. त्यामुळे शोधणारे त्या पत्त्यावर भटकले. सलीम अलींसारख्या जाणत्या माणसाच्या शोधालाही यश आलं नाही. येणार कसं? पत्ताच खोटा होता. रासमुसेनबाईंनी कातडी बारकाईने तपासली, तेव्हा उघड झालं की तो पक्षी मुळात डेव्हिडसनचा. संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. खोटा पत्ता बाजूला ठेवून मंडळी खऱ्या जागी आली, आधी छत्तीसगडच्या बाजूला आणि मग खानदेशात. तिथे पक्षी आपल्या झाडावर बसलेलाच होता. तो हरवला नव्हता. आपण चुकीच्या ठिकाणी पाहत होतो.

बातमीत लिहिलं होतं, हा पिंगळा दिवसा वावरतो, सकाळच्या उन्हात उंच बसतो, सरडे आणि उंदीर धरतो. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. त्याच रविवारी मी मोटारसायकल काढली.

बांधावर सादडा नव्हता. खोडाचा बुंधा तेवढा होता आणि त्यावर म्हातारबाबा विळ्याला धार लावत बसले होते. मला पाहून उठले, पाणी दिलं. मी विचारलं, "बाबा, झाड?"

"पाडलं, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना."

आवाजात जराही राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आणि पिंगळा?"

त्यांनी डोंगराकडे हात केला. "गेला तिकडे. त्याला काय, ढोली लागते."

तो रानपिंगळाच होता, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. साधा पिंगळाही कधी कधी दिवसा दिसतो. पण खात्री करून घेण्याची संधी माझ्या समोर उभी होती आणि मी मान वर करून झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ही टोचणी आजही आहे.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा भागात रानपिंगळा सापडला. २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसला. गुजरातेत डांगच्या जंगलातही आहे. २०१८ साली त्याचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आलं. तरी पूर्ण वाढलेले पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

आपलं शेत अशा जंगलाला लागून असेल, तर ओळखण्याची खूण लक्षात ठेवा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्याचं, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. असा पक्षी दिसला तर दगड मारू नका, हाकलू नका. वनरक्षकाला कळवा.

आणखी दोन गोष्टी सांगतो. जुनं, ढोली असलेलं झाड पाडण्याआधी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर नजर ठेवा. आत कोणी बिऱ्हाड करून असेल, तर चार ओळींची ज्वारी त्याच्या भाड्याची समजा. दुसरी गोष्ट उंदरांच्या विषाची. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडीत आयता सापडतो. त्याच्या पोटातलं विष मग घुबडाच्या पोटात जातं. म्हणून वड्या बिळात आत सरकवा, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. घुबड अशुभ म्हणून त्याला मारणारे अजून आहेत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय रोज रात्री फुकट राखण करणाऱ्या गड्याला मारण्यासारखं आहे.

माउल्यांनो, घरात कोणी म्हातारं माणूस एखाद्या न दिसणाऱ्या पाखराची किंवा जनावराची गोष्ट सांगत असेल, तर मुलांना जवळ बसवून ती ऐकवा. कुठे दिसलं, कोणत्या महिन्यात, काय खात होतं, हे वहीत लिहून ठेवायला सांगा. त्यातलं सगळं खरं निघणार नाही. पण विचारल्याशिवाय खरं-खोटं कळणार कसं?

म्हातारबाबा आता नाहीत. त्यांच्या नातवाने त्याच बांधावर मोहाची दोन रोपं लावली आहेत. मी त्या बाजूला गेलो की आधी ती पाहतो. त्यांना ढोली पडायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब मी करत नाही. एवढंच करतो, की कोणत्याही शेतात गेलो तर वही उघडण्याआधी मान वर करून झाडाकडे पाहतो, आणि धन्याला विचारतो, "इथे कोण कोण राहतं?"