अर्सलानबोबची अक्रोडराई

किर्गिझस्तानातले अर्सलानबोब हे उझबेक वस्तीचे गाव. इथे मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच. चहा-नानचा नाश्ता करून आम्ही मुलाबाळांसह निघालो. सफरचंदाच्या बागा मागे पडल्या की अक्रोडाचे जंगल लागते. चढ सोपा, सावली दाट. समोरून येणारा प्रत्येक जण सलाम करतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात अख्खी कुटुंबे इथे तंबू ठोकतात. तरुण झाडावर चढून फांद्या हलवतात, बायका-मुले अक्रोड वेचतात. हिरव्या सालीने बोटे काळी होतात. मात्र जुन्या झाडांखाली रोपे विरळच. पडलेला अक्रोड माणसे वेचतात, उगवलेले रोप गुरे खातात. आज ज्या रोपाला कुंपण मिळेल, तेच उद्या नातवंडांना अक्रोड देईल.