मागील अंकावरून पुढे चालू

माणसं माळ्यावर काय काय ठेवतात! कुणी तांब्या-पितळेची भांडी ठेवतं, कुणी मोडका पाळणा, कुणी लग्नात आलेली आणि अजून कुणालाच न आवडलेली समई. आमच्या माळ्यावर महिने आहेत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, असे सुतळीने बांधलेले महिने, आणि महिन्यांवर रचलेली वर्षं. मासिकं, साप्ताहिकं आणि दिवाळी अंक मिळून किती, हे मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा २१४३ भरले, दुसऱ्यांदा २१५७ आणि तिसऱ्यांदा २१३९. ज्या दहा-पंधरा अंकांचा फरक पडतो ते त्या त्या वेळी आमच्या हिच्या उशाखाली असतात, हे मला फार उशिरा कळलं.

ही इस्टेट वडिलोपार्जित. लोकांचे वडील जमीन ठेवून जातात. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी वर्गणीच्या पावत्या ठेवल्या. धानोऱ्यात तेव्हा पोस्टमन आमच्याकडे आला की शेजारी विचारीत, ‘कुणाचं काही बरंवाईट?’ इतकी टपाल येत असे ती फक्त मासिकांचीच, हे त्यांना खरंच वाटायचं नाही.

धानोरा म्हणजे नंदुरबार तालुक्यातलं. हे मुद्दाम सांगावं लागतं. कारण एक धानोरा चोपडा तालुक्यात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात तर धानोरा नावाचा अख्खा तालुकाच आहे. आमचे काही अंक तिकडे जाऊन, तिथला पाहुणचार घेऊन, दीड-दोन महिन्यांनी घरी परतत. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी पिनकोड सुरू झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. वेष्टनावरचे पत्ते मी जपून ठेवले आहेत. सगळ्यात जुन्यांवर ‘जि. पश्चिम खानदेश’, मग ‘जि. धुळे’, आणि १ जुलै १९९८ नंतर ‘जि. नंदुरबार’. घर जागचं इंचभर हललं नाही, पण तीन जिल्हे फिरून आलं.

संग्रहात काय नाही? ‘किर्लोस्कर’ आहे. १९२० साली ते ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालं ते कारखान्याच्या बातम्या द्यायला. म्हणजे नांगराच्या मागून साहित्य आलं. त्याच घरातली ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आहेत. ‘सत्यकथा’ आहे, १९८२ साली ती बंद पडली तोपर्यंतची. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ आहेत. माझ्या लहानपणीचा ‘चांदोबा’ आहे, १९७१ पासूनचा ‘किशोर’ आहे. आणि ‘आवाज’चे दिवाळी अंक आहेत. त्यातली खिडक्यांची चित्रं जुन्या वाचकांना आठवत असतील. पान उघडलं की खिडकी, खिडकी उघडली की आत भलतंच काहीतरी निघून फजिती. वडिलांनी त्या सगळ्या खिडक्या डिंकाने चिकटवून टाकल्या होत्या. मी आठवीत असताना चहाच्या वाफेवर त्यातल्या चार उघडल्या. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. वडिलांच्या संस्कारांना तडा गेला तो तिथे. त्यांना निष्कारण डिंक खर्च करावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता संग्रह म्हटला की व्यवस्था आली. मीही मास्तरच, त्यामुळे हजेरीपट घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधी मी नावांप्रमाणे गठ्ठे केले. पण मासिकांचे आकार म्हणजे प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं! एक उंच, एक बुटकं, दिवाळी अंक तर गणपतीसारखे पोट सुटलेले. गठ्ठा उभा राहीना. मग वर्षांप्रमाणे लावले. त्यात बहीण-भावंडं वेगळी झाली, एकाच कादंबरीचे हप्ते नऊ गठ्ठ्यांत विखुरले. मग म्हटलं, बांधून घेऊ. बारा अंकांचा एक खंड बांधायला दिला. बांधणाऱ्याने कडा अशा काही प्रेमाने कापल्या की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गेलं. ‘नमस्कार’चा ‘मस्कार’ झाला. तो खंड मी अजून वाचतो, पण तोतरं झाल्यासारखं वाटतं.

शेवटी मी सूची करायला घेतली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची केली, तर मला एका माळ्याची होऊ नये? दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. अंक, महिना, वर्ष, गठ्ठा क्रमांक, शेरा. शेऱ्याचा रकाना मला फार आवडे. ‘मुखपृष्ठ फाटके’, ‘पान ३३ वर वरणाचा डाग’, ‘शेजारी देऊ नये’. वही पूर्ण झाली त्या दिवशी मी हिला हाक मारली. म्हटलं, ‘अगं, आता कुठलाही अंक माग. एका मिनिटात काढतो.’

‘डिंकाच्या लाडवाचा काढा,’ ही म्हणाली.

आता डिंकाच्या लाडवाचा रकाना वहीत कुठला? मी वर्ष विचारलं, महिना विचारला. ‘ते मला काय ठाऊक? निळ्या साडीतली बाई आहे वरती, आणि आतल्या पानावर तुमच्या चहाच्या कपाचं गोल पडलंय.’ एवढं बोलून ही शिडी चढली, डाव्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या गठ्ठ्यात हात घातला आणि अंक घेऊन खाली आली. शिडीवरचा वेळ धरून पाऊण मिनिट! रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. हिने रंगनाथनांचं नावही ऐकलेलं नाही.

व्यवस्थेनंतर शत्रू. कागदाचे शत्रू माणसाच्या शत्रूंपेक्षा चिकाटीचे. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते, म्हणून गठ्ठे जमिनीवर ठेवू नयेत आणि भिंतीला टेकवू नयेत, हे मी दोन वर्षांचे अंक गमावून शिकलो. कसर नावाची चंदेरी अळशी बाई खळ आणि डिंक खाते. टाचण्या गंजतात आणि पान त्या जागी कुजतं, म्हणून त्या हलकेच काढून सुती दोऱ्याने अंक शिवावा. रबर लावू नये, ते वितळून चिकटतं. चिकटपट्टी तर मुळीच नको. आणि घरभेदी शत्रू कागदातच असतो. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याच्यातच आम्ल तयार होतं, तो आपला आपण पिवळा पडतो आणि कुरकुरीत होतो. आम्ही दोघं बरोबरच म्हातारे होतोय, मी आणि १९६५ सालचा गठ्ठा.

उंदरांवर उपाय म्हणून मी एकदा स्वदेशी प्रयोग केला. नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव. मिरचीच्या हंगामात तिथल्या पथारींवर लाल गालिचे अंथरल्यासारखे दिसतात. मी दोन किलो वाळकी मिरची आणून गठ्ठ्यांमधून पेरली. उंदीर दोन दिवस बिचकले, मग रुळले. आम्ही मात्र महिनाभर शिंकत होतो. त्या वर्षीचा एक गंभीर परिसंवाद मी अक्षरशः डोळ्यांतून पाणी काढत वाचला. शेवटी कडुनिंबाचा वाळका पाला, वेखंडाचे तुकडे आणि पत्र्याच्या पेट्या यांनीच लाज राखली.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या धाब्याच्या घराची एक तुळई वाकली. माळ्याखालची, आणि नेमकी हिच्या खाटेवरची. गवंडी आला, त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘इतला कागदस्नं काय करशात, गुरुजी?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ कधीच नव्हतं. मी वजनाचा हिशेब केला. अंकाला सरासरी दोनशे ग्रॅम धरले तरी सव्वाचार क्विंटल! रंगनाथनांचा पाचवा नियम म्हणतो की ग्रंथालय हे वाढत जाणारं असतं. तुळईबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही.

मुलगा पुण्याहून आला. ‘बाबा, सगळं स्कॅन करून टाका. सगळा माळा एका पेनड्राइव्हमध्ये मावेल, खिशात घालून फिरा.’ मी म्हटलं, ‘आणि चहाच्या कपाचं गोल?’ तो गप्प बसला. मग त्याने मला न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट सांगितली. होमर आणि लँगली. होमरची दृष्टी गेली, तेव्हा लँगली रोजची वर्तमानपत्रं साठवायला लागला. भावाला पुन्हा दिसायला लागलं की त्याला मागचं सगळं वाचता यावं म्हणून. शिवाय दुनियेतलं बाकीचंही साठवलं. १९४७ साली त्यांच्या घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. लँगली आंधळ्या भावासाठी जेवण घेऊन जाताना चोरांसाठी स्वतःच लावलेल्या सापळ्यात, त्या ढिगाखाली गाडला गेला, आणि पलीकडे होमर वाट बघत उपाशी मेला. ‘तेव्हा बघा बाबा,’ असं म्हणून मुलाने वाकलेल्या तुळईकडे बोट दाखवलं.

मी त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याला बोलवायचं ठरवलं. खरंच घाबरलो होतो. कागद माझा, तुळई माझी आणि खाली झोपणारी माणसंही माझीच. पण ही म्हणाली, ‘थांबा. त्या भावाचे डोळे नाही आले परत. माझे येणार आहेत.’

हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर हिने मासिक उघडलं नव्हतं आणि मी, सूचीकार, माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं! उशाखाली अंक होते, पण ते नुसते ठेवलेले. वास बरा वाटतो म्हणे.

खाट पुढच्या खोलीत नेली, तुळईला टेकू दिला आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी अंक निवडले. मी अनुक्रमणिका मोठ्याने वाचायची, हिने निकाल द्यायचा. ‘ठेवा.’ ‘शाळेला द्या.’ ‘जाऊ दे.’ मला वाटलं होतं, संग्रह माझा आहे. चौथ्या दिवशी कळलं की मी तो फक्त रचला होता, वाचला होता तो हिने. मी नाव उच्चारावं आणि हिने गोष्ट सांगावी. कुठल्या कथेतली सासू शेवटी चांगली निघते, कुठल्या लेखकाला पावसाचं वर्णन केल्याशिवाय पात्र घराबाहेर काढता येत नाही. वहीतल्या माझ्या शेऱ्यांची मला लाज वाटायला लागली.

मग एकदा ही म्हणाली, ‘एक कादंबरी क्रमशः येत होती. लग्नानंतरच्या वर्षी. तिचा शेवटचा भाग तेवढा राहिला. तो अंक आलाच नाही.’

‘गडचिरोलीला गेला असेल,’ मी म्हटलं.

‘चाळीस वर्षांवर झाली. आला असता आतापर्यंत.’

तो अंक सापडला. शेवटच्या पेटीच्या तळाशी. इतर अंकांना ओल लागू नये म्हणून कुणीतरी तो खाली पसरून अंथरला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगत नाही. वहीत त्या पेटीपुढे माझ्याच अक्षरात शेरा आहे : ‘तळ व्यवस्थित.’

आता माळ्यावर काहीच नाही. चार पेट्या जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर ठेवलेल्या. आत सहाशेच्या आसपास अंक. ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ गावच्या शाळेत गेले, तिथे आता त्यांची पानं वाळवीऐवजी पोरं फाडतात आणि ते फार बरं आहे. बाकीचे रद्दीत गेले. काट्यावर चढताना मी पाठ फिरवून उभा होतो. नियम आम्ही एकच केला. पुन्हा कुणीतरी नाव काढील तो अंक ठेवायचा, नुसता जुना आहे म्हणून नाही. नियम हिचा आहे. वहीत मी लिहिला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या दुपारी मी तो अंक नीट पुसून, डाग झटकून हिच्या हातात दिला. म्हटलं, वाच, मागील अंकावरून पुढे चालू. ही पुढच्या खोलीत उजेडाला बसली. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि कान देऊन उभा राहिलो. पान उलटल्याचा आवाज आला. आणखी एक पान. मग बराच वेळ काही नाही. चहा घेऊन बाहेर आलो तर हिने अंक मिटून मांडीवर ठेवला होता.

‘काय झालं गं शेवटी?’ मी विचारलं.

‘काही नाही हो. ती परत येते, तो माफी मागतो, संपलं.’ चष्मा काढत ही म्हणाली, ‘मी मनात केला होता तो शेवट ह्याच्यापेक्षा कितीतरी बरा होता.’

‘मग? हा अंक जाऊ द्यायचा?’

‘छे! ठेवा.’ हिने कप घेतला, घोटभर चहा प्यायला आणि कप सवयीने खाली टेकवला. मुखपृष्ठावर छानसं गोल उमटलं.

मी वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याची नोंद केली.